उत्तरेकडच्या कोऱ्या जागेची सफर

“उद्या पहाटे दशम्या जरा जास्त कर,” वहाणा काढता काढता यज्ञेश्वर म्हणाला, “साहेबांना जंगल दाखवायला न्यायचंय.”

मालतीच्या हातातली पळी आमटीतच राहिली. सोलापुरात बिऱ्हाड करून तिला सहा वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिनं गिरण्यांची धुराडी पाहिली होती, सिद्धेश्वराचं तळं पाहिलं होतं, धूळ तर ती रोज दोनदा झाडत होती. पण जंगल म्हणावं असं काही तिच्या दृष्टीला पडलं नव्हतं.

“कुठलं जंगल?”

“उत्तरेकडचं. कारंब्याच्या पुढचं.”

“आणि ते तुम्ही दाखवणार?”

“मग कोण? साहेबांनी मलाच वाटाड्या नेमलंय.”

“अहो, गेल्या वैशाखात लग्नाला म्हणून बाळे गावाला निघालो होतो आपण, आणि तुम्ही मला देगावात नेऊन उभं केलंत. तिथलं लग्न लागत होतं म्हणून निदान जेवण तरी मिळालं.”

यज्ञेश्वर मंगळवेढेकर वहाणा कोपऱ्यात लावू लागला. ज्या गोष्टीला उत्तर नसतं तिच्याकडे लक्ष न देण्याची सवय त्याला कचेरीनं लावली होती.

या कचेरीत तो सहा वर्षं कारकून होता, आणि सहाही वर्षं हंगामी होता. दर मार्चमध्ये त्याची जागा राहते की जाते या चिंतेनं त्याची झोप उडायची. दर एप्रिलमध्ये आणखी एक वर्षाची मुदत मिळायची आणि जीव भांड्यात पडायचा. सासऱ्यांच्या पत्रात शेवटची ओळ ठरलेली असे : ‘कायम झालात का? कळवावे.’ मालतीनं तुळससुद्धा रॉकेलच्या डब्यात लावली होती, का तर वेळ आली तर उचलून नेता यावी. यंदा मात्र त्याच्या नावाची फाईल खरोखरच साहेबांच्या टेबलावर गेली होती. साहेबांच्या शेऱ्याचं आणि सहीचं तेवढं काम राहिलं होतं.

हे साहेब म्हणजे आबासाहेब घाटगे. रत्नागिरीहून बदलून येऊन त्यांना तीन महिने झाले होते. माणूस सज्जन, पण त्यांना एक नाद होता. गोऱ्या लोकांनी उत्तरेकडच्या निर्जन प्रदेशांत केलेल्या सफरींची इंग्रजी पुस्तकं ते वाचत. बर्फ, लांडगे, वाट चुकलेल्या तुकड्या, उपासमार असलं काही वाचल्याखेरीज त्यांना जेवण जात नसे. स्वतः त्यांनी आजवर बैलगाडीपेक्षा अवघड प्रवास केलेला नव्हता. तरी खाकी अर्धी विजार, सोला हॅट, दुर्बीण आणि होकायंत्र एवढी तयारी त्यांनी पेटीत करून ठेवली होती. राहिला होता तो फक्त निर्जन प्रदेश.

तो त्यांना शुक्रवारी दुपारी कचेरीच्या भिंतीवरच्या नकाशात सापडला. सोलापूरच्या उत्तरेला, दोन रस्त्यांच्या बेचक्यात, चार बोटं कोरी जागा होती. ना गाव, ना ओढा, ना विहीर. नकाशा काढणाऱ्याला तिथं लिहिण्याजोगं काही सापडलं नसावं. पण कोरी जागा म्हणजे कुणीच न पाहिलेली जागा, असं आबासाहेबांनी पुस्तकांत वाचलं होतं.

“हा मुलूख कुणाच्या माहितीचा आहे?” त्यांनी सगळ्या कचेरीला विचारलं.

कचेरी मान खाली घालून लिहू लागली. यज्ञेश्वराला काय बुद्धी झाली कोण जाणे. फाईल टेबलावर आहे एवढंच त्याला दिसत होतं.

“माझं आजोळ मार्डीचं, साहेब,” तो म्हणाला. “तो माळ माझ्या पायाखालचा आहे.”

आजोळ मार्डीचं ही गोष्ट खरी होती. पाच वर्षांचा असताना तो तिथं एकदा गेलाही होता. मात्र जाताना आणि येताना तो गाडीत झोपला होता.

“उत्तम!” आबासाहेब म्हणाले. “रविवारी निघू. पहाटे ते सूर्यास्त. माळढोक पक्षी पाहायचा आहे मला. पुढच्या आठवड्यात क्लबात या सफरीवर माझं भाषण ठेवलंय.”

सफर व्हायच्या आधी भाषण ठरलेलं पाहून यज्ञेश्वराच्या तोंडचं पाणी पळालं. पण तो अगदीच बुद्धू नव्हता. शनिवारच्या बाजारात त्यानं भीमा धनगराला गाठलं. मागं एकदा भीमाची मेंढरं कोंडवाड्यात गेली होती, तेव्हा त्याचा अर्ज यज्ञेश्वरानंच लिहून दिला होता आणि त्या अर्जानं मेंढरं सुटली होती. तेव्हापासून यज्ञेश्वराच्या अक्षरावर भीमाची फार श्रद्धा होती.

“हे बघ भीमा, तू तुझी मेंढरं घेऊन पुढं चालायचं. आम्ही दोघं लांबून मागं येणार. ओळख दाखवायची नाही, बोलायचं नाही. दिवसभर चांगलं ओसाड रान दाखवायचं आणि संध्याकाळी कारंब्याच्या फाट्यावर आणून सोडायचं. तिथं आमचा टांगा असेल.”

“व्हय की. त्यात काय अवगड हाय?” भीमा म्हणाला. “मेंढरं काय, चालाय लागली की चालत्यात.”

योजना बिनचूक होती. वाटाड्याच्या पुढं एक वाटाड्या ठेवला की वाटाड्याला वाट माहीत असण्याची गरज उरत नाही. यज्ञेश्वर शांतपणे झोपला.

रविवारी सूर्य वर यायच्या सुमारास टांग्यानं त्यांना कारंब्याच्या फाट्यावर उतरवलं. संध्याकाळी सहाला इथंच ये, असं टांगेवाल्याला बजावलं. फाल्गुनातली सकाळ, हवेत अजून गारवा होता. समोर मेंढरं होती, त्यांच्या पुढं एक काळी शेळी होती, मागं घोंगडी घेतलेलं कुणीतरी होतं. यज्ञेश्वराला हायसं वाटलं. मग घोंगडी वळली आणि तिच्यातून एक म्हातारी निघाली.

“साहेब, एक मिनिट. मी जरा वाटेची चाचपणी करून येतो,” म्हणून तो लगबगीनं पुढं गेला. “भीमा कुठाय?” त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तोंड घट्ट मिटलं.

“अहो बाई, भीमा कुठाय?”

“भीमा म्हनला, मागं दोन मानसं येतील, त्यांच्यासंगं बोलू नगंस,” ती म्हणाली.

“मी स्वतः विचारतोय ना!”

“मग तुमी इचारलं म्हनून सांगते. त्याची बायकू बाळतपनाला आलीया. सुईन आनाय गेलाय. मी त्याची आई, सारजाबाई. आता बोलनार न्हाय.” आणि ती खरोखरच वळून चालू लागली.

मेंढरं निघाली, शेळी पुढं, म्हातारी मागं, तिच्या मागं शंभर पावलांवर यज्ञेश्वर, आणि यज्ञेश्वराच्या मागं हॅट, दुर्बीण आणि वही यांसह आबासाहेब. आई काय नि लेक काय, रान तेच, मेंढरं तीच, अशी यज्ञेश्वरानं मनाची समजूत घातली.

पहिले तीन तास अगदी पुस्तकासारखे गेले. खडकाळ माळ, पिवळं कुसळी गवत, मधूनच एखादं बाभळीचं झुडूप. पायमोज्यांत कुसळं घुसू लागली तसा आबासाहेबांचा चेहरा फुलत गेला. कष्टाशिवाय सफरीला अर्थ नसतो, असं ते दोनदा म्हणाले.

“मंगळवेढेकर, या खुणेला काय म्हणतात इथले लोक?” त्यांनी एका दगडाकडे बोट दाखवलं.

यज्ञेश्वरानं दगडाकडे पाहिलं. तो दगड होता.

“धोंडा म्हणतात, साहेब.”

आबासाहेबांनी लिहून घेतलं.

नऊच्या सुमारास ते एकदम खाली बसले आणि त्यांनी यज्ञेश्वराचं धोतर ओढून त्यालाही खाली बसवलं. “माळढोक!” ते कुजबुजले. लांबच्या एका रानात खरंच काहीतरी उंच, तपकिरी, मान ताठ करून उभं होतं. आबासाहेबांनी दुर्बीण लावली, पण घाईत तिची नीट जुळणी होईना. सगळं धुरकट दिसत होतं. यज्ञेश्वराला दुर्बिणीवाचूनच स्वच्छ दिसत होतं. ज्वारी निघून गेली तरी काढायचं राहिलेलं ते बुजगावणं होतं. त्याच्या अंगात कुणाचा तरी जुना सदरा होता.

“आहे ना माळढोक?”

टेबलावरची फाईल यज्ञेश्वराच्या डोळ्यांपुढं आली. “नरच दिसतोय, साहेब,” तो म्हणाला.

‘अर्धी घटका निश्चल उभा होता,’ आबासाहेबांनी वहीत लिहिलं. ‘मनुष्याचे भय बिलकूल नाही.’

बारा वाजता उन्हानं माळ भाजायला लागला. मेंढरं एका एकुलत्या बाभळीच्या सावलीत माना खाली घालून बसली, सारजाबाई त्यांच्याजवळ टेकली, आणि पुढं जायला कुणी नसल्यामुळं यज्ञेश्वरानं तिथंच तळ ठोकायचं जाहीर केलं. आबासाहेबांनी सावलीचा उरलेला तुकडा गाठला, हॅट तोंडावर घेतली आणि पाचच मिनिटांत ते घोरू लागले. यज्ञेश्वर पाण्याची बाटली कुठं ठेवली ते शोधायला वळला. तेवढ्यात काळ्या शेळीनं दशम्यांचं फडकं सोडलं. म्हणजे कसं सोडलं ते कळलं नाही. पण तो वळला तेव्हा फडकं एकीकडं होतं, मेतकुटाची पुडी दुसरीकडं होती आणि दशम्या शेळीत होत्या.

“अगं, हाड! हाड!” तो ओरडला. आबासाहेब जागे होऊन उठून बसले.

“काय झालं?”

“साहेब, आपला अन्नसाठा संपला.”

आबासाहेबांच्या डोळ्यांत चमक आली. उपासमार! त्यांनी वही उघडली. पण पाच मिनिटांत पोटानंच पुस्तकाची साथ सोडली. ते सारजाबाईच्या गाठोड्याकडे पाहू लागले. सारजाबाई काहीच बोलली नाही. तिला बोलायची मनाई होती. तिनं गाठोडं सोडलं, तीन भाकरी काढल्या, त्यांवर लसणाची चटणी ठेवली आणि दोघांच्या पुढं सरकवली. आबासाहेब घाटग्यांना त्यात काही अडचण नव्हती. यज्ञेश्वराला होती. मुंज झाल्यापासून त्यानं घराबाहेर पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं, आणि मालतीला कळलं तर पुढचा महिनाभर ती त्याचं ताट वेगळं मांडील, हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा भाकरीकडे पाहिलं, आणि घरची चूल इथून कमीत कमी आठ मैल आहे हे लक्षात घेऊन दीड भाकरी खाल्ली. चटणी त्याला फार आवडली, याचं त्याला वाईट वाटलं.

जेवून आबासाहेब पुन्हा आडवे झाले. ही संधी साधून यज्ञेश्वर म्हातारीजवळ सरकला.

“सारजाबाई, आता इथून फाट्यावर किती वेळात पोचू?”

म्हातारीनं आबासाहेबांकडे पाहिलं. ते घोरत होते. मग ती बोलली. “फाट्याव? फाट्याव कशाला? आपुन सोलापुराला चाललूया की.”

“सोलापुराला?”

“व्हय. तिकडं गावच्या शिवंला एका बंगल्याच्या आवारात मेंढरं बसवायची हायती आज. तीन राती. बाईसायबानं सांगावा धाडलाय. लेंडीखताबिगर तिची भाजी यीना म्हनं.”

सोलापूरच्या बाजूला शेतात मेंढरं बसवायची ही रीतच होती. रात्रभर मेंढरं जिथं बसतील तिथलं रान खतावतं, म्हणून शेतकरी धनगरांना आपण होऊन बोलावतात. हे यज्ञेश्वराला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की आजचं रान गावाला चिकटून आहे आणि त्याची निर्जन प्रदेशातली सफर सकाळपासून घरी निघाली आहे.

“भीमानं सांगितलं नाही तुम्हाला? आम्हाला उत्तरेला न्यायचं, मग फाट्यावर...”

“त्यो म्हनला, मागं मानसं येतील. कुटं जानार त्ये म्हनला न्हाय. मी म्हनलं, येतील तितं येतील.”

“मग वळवा मेंढरं! अजून वळवा!”

“माझं ऐकत्यात व्हय ती? उन कललं की शेळी सोलापुराकडं त्वांड करती. आन् मी त्या बाईला सबूद दिलाय. तुमाला फाट्याव जायाचं आसंल तर जावा की. वाट काय माहीत न्हाय व्हय तुमाला?”

यज्ञेश्वरानं चारी दिशांना पाहिलं. चारी दिशांना तोच माळ होता. आबासाहेबांना उठवून सगळं खरं सांगावं, असं त्याच्या एकदा मनात आलं. त्यानं तोंडही उघडलं. पण फाईल बंद होईल, एप्रिलमध्ये हंगामी मुदतही मिळणार नाही, सासऱ्यांना काय कळवायचं, या विचारानं त्यानं ते पुन्हा मिटलं. मेंढरं उठली. शेळीनं दक्षिणेकडं तोंड केलं आणि सफर पुढं चालू झाली.

आता यज्ञेश्वराचं काम बदललं. सकाळी साहेबांना मुलूख दाखवायचा होता. दुपारनंतर तो दिसू द्यायचा नव्हता.

पहिली गाठ होकायंत्राशी पडली. “मंगळवेढेकर,” आबासाहेब हातातल्या डबीकडे पाहत म्हणाले, “ही सुई उत्तर आपल्या पाठीमागे दाखवते आहे.”

“लोखंडाचा दगड, साहेब,” यज्ञेश्वर म्हणाला. “या भागात फार. सुया फिरतात.”

“चुंबकीय प्रदेश!” आबासाहेब एकदम थांबले. “अगदी असंच पुस्तकातल्या त्या गोऱ्यांच्या बाबतीत झालं होतं. सुईवर विश्वास ठेवला म्हणून तुकडी मेली. माणसावर ठेवायला हवा होता.” आणि त्यांनी मोठ्या विश्वासानं यज्ञेश्वराकडे पाहिलं. त्या नजरेनं यज्ञेश्वराला अगदी ओशाळल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साडेतीनला क्षितिजावर काळा धूर दिसला. गिरण्यांच्या धुराड्यांना रविवारीसुद्धा सुट्टी नव्हती की काय कोण जाणे. आबासाहेबांनी दुर्बिणीला हात घातला.

“वणवा असावा, साहेब,” यज्ञेश्वर घाईनं म्हणाला. “धुरात दुर्बिणीची काच काळी पडते.” आबासाहेबांनी दुर्बीण पुन्हा कातडी पिशवीत घातली.

चारला आगगाडीची शिट्टी झाली. यज्ञेश्वरानं ती कोल्ह्यावर ढकलली. तेवढ्यात कळपात गडबड उडाली. एक मेंढी चालता चालता थांबली, आडोशाला गेली आणि व्याली. एक नाही, दोन कोकरं झाली. सारजाबाईनं ती पुसली, मेंढीला चाटू दिली, मग दोन्ही उचलून ती दोघा पाहुण्यांपुढं येऊन उभी राहिली. दिवसभराची मनाई आता तिला सोसवेना.

“मोकळं हात घिऊन चाललायसा सकाळधरनं. धरा!” एक कोकरू तिनं यज्ञेश्वराच्या हातात दिलं आणि दुसरं आबासाहेबांच्या. “पोटाशी धरा की, सायेब. गार लागंल त्याला. आसं न्हवं. मान वर.”

आबासाहेबांना आजवर असा हुकूम कुणी दिला नव्हता. त्यांनी वही खिशात घातली, होकायंत्र खिशात घातलं आणि कोकरू पोटाशी धरलं. त्यांचा खाकी सदरा ओला झाला. कोकरानं त्यांच्या बोटाला तोंड लावलं आणि चोखायला सुरुवात केली. “अरे!” एवढंच ते म्हणाले. पुढचा तासभर ते पाय कुठं पडतात तेसुद्धा बघत नव्हते, आणि यज्ञेश्वरानं मनातल्या मनात त्या मेंढीचे आभार मानले.

ऊन कललं. माळ संपून बांध लागले, बांध संपून गाडीवाट लागली. एक सायकल घंटी वाजवत बाजूनं गेली. सायकलीला काय म्हणावं हे यज्ञेश्वराला सुचेना. सुदैवानं साहेबांनी विचारलं नाही. आणि मग एकाएकी, अगदी कानाशी, गिरणीचा भोंगा झाला. लांबलचक, घोगरा, सोलापूरच्या तान्ह्या पोरालाही पाठ असलेला.

यज्ञेश्वर साहेबांच्या आणि आवाजाच्या मधे येऊन उभा राहिला. “वारा... वारा, साहेब. खडकांच्या फटीतून निघाला की असा...”

“हं,” आबासाहेब म्हणाले.

भोंग्यानंतर त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. हातात कोकरू होतं म्हणूनही असेल.

दिवेलागणीला काळी शेळी एका तारेच्या कुंपणातून आत घुसली. तिच्या मागं मेंढरं, मेंढरांच्या मागं सारजाबाई, सारजाबाईच्या मागं यज्ञेश्वर आत शिरला. समोर भाजीचे वाफे होते, पलीकडं विहिरीचा रहाट होता, त्याच्या पलीकडं लाल कौलांच्या बंगल्याची मागची पडवी होती. बंगल्याच्या पुढच्या बाजूला यज्ञेश्वर दोन-तीनदा फायली घेऊन आला होता, पण मागची बाजू त्यानं कधी पाहिली नव्हती. त्यामुळं पडवीतून कंदील घेऊन जी बाई खाली उतरली तिला पाहीपर्यंत त्याला काहीच कळलं नाही. कळलं तेव्हा हातातलं कोकरू सुटता सुटता राहिलं. त्या विजयमालाबाई होत्या. आबासाहेबांच्या पत्नी.

“किती उशीर, सारजाबाई? मला वाटलं आज येत नाही तुम्ही,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी कंदील वर केला. कंदिलाच्या उजेडात सोला हॅट दिसली, हॅटखाली धुळीनं पांढरा झालेला चेहरा दिसला, आणि त्याखाली बोट चोखणारं कोकरू दिसलं.

“अगं बाई! अहो, तुम्ही? तुम्ही तर निर्जन प्रदेशात गेला होता ना?”

आबासाहेब स्वतःच्या परसाकडं पाहत उभे होते. तीन महिन्यांत तेही बंगल्याच्या मागं कधी आले नव्हते.

“मेंढरांत कसे आलात तुम्ही? कुणी आणलं तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

तेव्हा सारजाबाईला वाटलं, आता आपल्यालाच विचारताहेत.

“बाईसायेब, माझा काय दोस न्हाय,” ती म्हणाली. “सायेब ह्या बामनाच्या मागनं चाललं व्हतं. बामन माझ्या मागनं. मी मेंढरांच्या मागनं.”

“आणि मेंढरं?”

“ती शेळीच्या मागनं. शेळी लई हुशार हाय. ती बगा, तुमच्या मेथीत शिरली.”

विजयमालाबाई कंदील घेऊन मेथीकडं धावल्या. आबासाहेबांनी कोकरू सारजाबाईच्या हवाली केलं, बोट रुमालाला पुसलं आणि यज्ञेश्वराकडं न बघता म्हणाले, “मंगळवेढेकर, उद्या अकरा वाजता माझ्या खोलीत या.”

घरी जाऊन यज्ञेश्वरानं मालतीला सगळं सांगितलं. भाकरीचंसुद्धा सांगितलं. ती हसेल किंवा रागावेल असं त्याला वाटलं होतं. तिनं त्याचे पाय शेकायला पाणी तापत ठेवलं. तेव्हा तर त्याला रडूच यायचं बाकी राहिलं. सहा वर्षांचं काम एका शेळीनं धुळीला मिळवलं होतं.

सोमवारी अकराला तो साहेबांच्या खोलीत गेला. साहेबांच्या पायांत बूट नव्हते, सपाता होत्या. दोघांचेही पाय सुजले होते.

“मार्डी तुमचं आजोळ?”

“होय साहेब.”

“किती वेळा गेलात?”

“एकदा. पाच वर्षांचा होतो.” आता लपवण्यात अर्थ नव्हता. “झोपलो होतो, साहेब.”

आबासाहेबांनी नकाशाकडं पाहिलं. “तो भोंगा मी रोज संध्याकाळी पुढच्या पडवीत बसून ऐकतो, मंगळवेढेकर.”

“मग साहेब, आपण तेव्हाच का...”

“तुम्ही काही बोलाल म्हणून वाट पाहत होतो. तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही चालतच होतात, म्हणून मीही चाललो.” त्यांनी सुजलेला पाय सपातेतून बाहेर काढला. “गुरुवारी क्लबात माझं भाषण आहे. जाहिरात होऊन गेली आहे. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. मी माळढोकाचं सांगितलं की मान हलवायची.”

“हलवीन साहेब,” यज्ञेश्वर म्हणाला. मग त्याच्या प्रामाणिकपणानं एकदा शेवटची उचल खाल्ली. “पण त्या पक्ष्याच्या अंगात सदरा होता.”

“तेवढं मी वगळणार आहे,” आबासाहेब म्हणाले, आणि त्यांनी फाईल पुढं सरकवली. “घरी जाऊन वाचा.”

यज्ञेश्वरानं फाईल वाटेतच उघडली, त्या नादात तो टांग्याखाली सापडता सापडता बचावला, आणि घरी पोचल्यावर त्यानं कागद मालतीच्या हातात दिला. मालतीनं तो खिडकीपाशी नेऊन मोठ्यानं वाचला. खाली लाल शाईत साहेबांचा शेरा होता :

‘सदर इसमास मी स्वतः दिवसभर पारखले आहे. आपण कोठे चाललो आहोत हे ठाऊक नसताना, पुढे चालणाऱ्याच्या मागून, चकार शब्द न काढता, तो कितीही वेळ चालू शकतो. कारकुनाच्या जागेवर कायम करण्यास सर्वथैव लायक.’

मालतीनं पुन्हा एकदा वाचला, या वेळी मनातल्या मनात.

“अहो, ही स्तुती आहे की काय आहे?”

यज्ञेश्वराला अतोनात आनंद झाला होता आणि लाजही तितकीच वाटत होती. त्यातलं आधी काय सांगावं हे त्याला कळेना.

“खाली सही आहे,” तो म्हणाला.